दोन माणसांचा कोन

३ ऑगस्ट

आज गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. इतकी वर्षं ठोकळ्यांवर होती, त्यामुळे खाली उतरवल्यावर मला ती एकदम बुटकी वाटली. गोर्दो म्हणाला, "बुटकी नाही रे, दमून बसलीय. एवढी वर्षं ठोकळ्यांवर उभं राहून बघ, तूही बसशील." मग स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

मापांची वही वेगळी आहे, तिच्यात फक्त आकडे. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात फिरत बसतं, म्हणून ही दैनंदिनी. मी एकटा राहतो, ऐकवणार कोणाला? लेथसमोर जन्म गेला, आणि लेथ काही उत्तर देत नाही.

गोर्दोचं खरं नाव देल्फोर. पण आमच्या सान पेद्रो गावात त्याला त्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. गोर्दो म्हणजे जाड्या. चरबी घातलेल्या गोड एन्साइमादा वळण्यात आणि त्यातल्या निम्म्या खाण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या बेकरीवाल्याला लोक दुसरं काय म्हणणार? मला म्हणतात वास्को, कारण माझे आजोबा बास्क होते आणि आम्ही बास्क म्हणजे हट्टी, असा लोकांचा समज आहे. समज चुकीचा आहे आणि मी हे कोणालाही पटवून देईपर्यंत सोडत नाही.

गाडी इंग्रजांची, दोन आसनी, उघडी, हिरवी. आम्हाला सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आता राहिलंय एकच काम, पण ते फार नाजूक. मूळ गिअरबॉक्स कोणीतरी कधीच विकून खाल्लेला. आम्ही बसवला तो दुसऱ्याच गाडीचा, आणि तो जरा वेगळ्या कलाने बसतो. गिअरबॉक्सचं शेपूट आणि मागच्या डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर हवं. मधला शाफ्ट तिरका असला तरी चालतं, थोडा असावाच, पण त्याच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटवर कोन सारखा पडला पाहिजे. पुढचा जॉइंट जो झटका देतो तो मागचा परत घेतो. कोन बिघडला की हे घेणं-देणं फिसकटतं, आणि वेगात गेलं की गाडी बुडाखालून थरथरायला लागते.

आणि हा कोन मापायचा तो गाडीत माणसं बसवून. रिकाम्या गाडीचे पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, फुगलेले असतात, तो कोन काय कामाचा? बरेच लोक वाळूची पोती ठेवतात. मला ते पटत नाही. गाडी पोत्यांसाठी नसते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी जुन्या गाड्यांची पाराना नदीची फेरी आहे. मी चालवणार, गोर्दो शेजारी बसून घड्याळ बघणार. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. त्या रस्त्यावरून आम्ही दोघं एकदा एकत्र गेलो, की मग गाडीत पुन्हा कोंबड्या बसल्या तरी माझी हरकत नाही.

६ ऑगस्ट

कोन मापला. मी गाडीखाली आडवा पडलेला, मग माझ्या जागेवर बसणार कोण? नोएमी, गोर्दोची बायको. ती आणि मी वजनाला सारखे, हे बेकरीतल्या मैद्याच्या काट्यावर एकदा सिद्ध झालंय. त्या दिवसापासून ती मला "माझा जुळा" म्हणते. ती विणकाम घेऊन स्टिअरिंगमागे बसली, गोर्दो शेजारी. दोघं सहलीला निघाल्यासारखे वर, आणि मी खाली कोनमापक घेऊन. पाटे कुरकुरत खाली बसले. गोर्दो बसला की कळतं.

मागचा जॉइंट अडीच अंश कमी पडत होता. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये तेवढ्या उताराची पाचर घातली की काम झालं. दोन्ही बाजूंना एकेक. उद्या लेथ सोडून मिलिंगवर.

वर दोघं फारसं बोलत नव्हते. एरवी नोएमी गप्प बसायची नाही.

९ ऑगस्ट

पाचरींची जोडी झाली. बसवली, माणसं बसवली, मापलं. काटा जिथे हवा तिथे, केसभरही इकडे-तिकडे नाही. मी खालूनच ओरडलो. गोर्दो वरून म्हणाला, "अजून दहा किलो खाऊ का? काटा कुठे जातो बघू." नोएमी म्हणाली, "गप बस हो." जरा जास्तच जोरात म्हणाली.

२८ ऑगस्ट

काहीतरी बिनसलंय. नट कायमचे आवळण्याआधी पुन्हा एकदा मापायचं, हा माझा नियम. आज मापलं तर काटा जवळजवळ अर्धा अंश सरकलेला. मी कोनमापक बदलून पाहिलं, तेच. फरशी तपासली, टायरची हवा तपासली, तेच. दोघांना उतरवून पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा गोर्दो म्हणाला, "वास्को, मी काय लिफ्ट आहे का?" आणि चढताना दाराला धरून थोडा थांबला.

पाटे सालोमोनने केलेत. गावात त्याला तुर्को म्हणजे तुर्क म्हणतात, खरं तर त्याचे आजोबा सिरियाहून आले होते. पाट्यांत या नदीकाठी त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. उद्या बघतो त्याच्याकडे.

गोर्दोचं आणखी एक. आज येर्बा, आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला बसलो, एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने. मी ओतणारा, तो पिणारा, नेहमीसारखं. दुसऱ्याच खेपेला भोपळा परत देताना "ग्रासियास" म्हणून मोकळा झाला. आभार मानले म्हणजे बास, पुढची नको. किटली अर्धीही झाली नव्हती. या माणसाच्या तोंडून मी तो शब्द किटली उलटी केल्याशिवाय कधी ऐकलेला नाही. मला राग आला.

२९ ऑगस्ट

तुर्कोशी भांडण. मी म्हटलं, तुझे पाटे वर येतायत. तो म्हणाला, "पाटा म्हणजे काय पावाचं पीठ आहे, फुगायला? पाटा दमतो, खाली बसतो. वर यायला त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही."

"मग कोन कसा बदलला?"

"तुझं डोकं बदललं असेल. ते बघ मापून."

पाट्यांना हात लावणार नाही म्हणाला. नको लावू. मी नव्या पाचरी करतो.

१२ सप्टेंबर

नव्या पाचरींची जोडी केली, बसवली. मापायला दोन आठवडे मिळालेच नाहीत, कारण गोर्दो रोसारियोला. मुलगी सिल्विना तिथे असते. हल्ली एक गुरुवार सोडून एक गुरुवार रोसारियो. गुरुवारी आमचा मटण भाजायचा दिवस, तो असा गेला. आधी वर्षवर्ष तिकडे फिरकायचा नाही. जावयाशी पटत नाही म्हणायचा.

आज आला तर दाढी वाढवलेली. आणि पट्टा सोडून खांद्यांवरून गॅलिस लावलेत, शहरातल्या म्हाताऱ्यांसारखे. मी म्हटलं, "रोसारियोची हवा लागली वाटतं." तो म्हणाला, "बायकांना आवडतं." नोएमीने विणकामातून मान वर केली नाही.

एन्साइमादा घेऊन आला होता, आपल्या हाताची. मी दोन खाल्ल्या, तुर्कोच्या रागापायी तिसरीही खाल्ली. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, बस.

मापलं. नव्या पाचरींवरही काटा पुन्हा सरकला. त्याच बाजूला. मी गाडीखालून बाहेर आलो आणि पाना भिंतीवर फेकला.

२१ सप्टेंबर

आज आमच्याकडे वसंताचा पहिला दिवस, आणि आज मला सगळं कळलं.

पुन्हा माप. मी खाली, ती दोघं वर. गाडीच्या तळाला अजून गालिचा नाही, नुसता पत्रा, त्यामुळे वरचं बोलणं खाली डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. मी पुढच्या जॉइंटपाशी होतो, त्यांना वाटलं असेल मी मागे आहे.

नोएमी म्हणाली, "सांगून टाक ना त्याला. दर वेळी खाली पडून शिव्या घालतो बिचारा."

गोर्दो म्हणाला, "नोव्हेंबर होऊ दे."

"आणि नोव्हेंबरपर्यंत..."

"होऊ दे म्हटलं ना."

मग विणायच्या सुया एकमेकींवर वाजल्याचा आवाज बंद झाला.

म्हणजे हे आहे तर. रोसारियोला राहायला चाललेत, मुलीकडे. बेकरी विकणार, घर विकणार. फेरी झाली की सांगणार, "वास्को, येतो आम्ही." कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कधीपासून वाटत होतं. येर्बाची दुसरी खेप, गुरुवार, दाढी. माणूस जायच्या आधी असाच थोडा थोडा जायला लागतो.

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. बाहेर आलो आणि म्हटलं, कोन जमत नाही. त्याने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काय? थरथरणारी गाडी घेऊन मी लोकांसमोर जाणार नाही. पंधरा ऑक्टोबरपर्यंत जमलं नाही तर फेरीतून नाव काढून घेतो." गोर्दोचा चेहरा पडला. पडू दे, म्हटलं. त्यालाही कळू दे कोणाकडून काही काढून घेतलं की कसं वाटतं.

हे लिहिताना वाईट वाटतंय. पण लिहिलेलं खोडणार नाही.

८ ऑक्टोबर

जमलं! जमलं!

सकाळीच गोर्दो दारात, नोएमीच्या आधी पायी आलेला. अंगात त्याचा तो मासेमारीचा जाड कोट, गुडघ्यापर्यंतचा, पहाटे नदीवर घालतो तो. बाहेर कडक ऊन. मी म्हटलं, "अरे, बोट बुडाली का तुझी?" तो म्हणाला, "थंडी वाजतेय. तुझ्या गॅरेजमध्ये बारा महिने हिवाळा असतो." नोएमी मागून आली, कोटाकडे बघितलं, स्टिअरिंगमागे बसली.

"आधीच्याच पाचरी घाल," गोर्दो म्हणाला. "ऑगस्टातल्या. त्या बरोबर होत्या."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"घालून बघ की, हट्टी माणसा."

घातल्या. तो सावकाश आत उतरला, धापा टाकत, पाटे कुरकुरले, अगदी पहिल्या दिवशी कुरकुरले होते तसे. काटा जिथे हवा तिथे! मी दोनदा मापलं, तीनदा मापलं. पाटेच होते तर, मधे कुठेतरी अडकत होते, आता बसले ठाकठीक. तुर्कोला जाऊन सांगणार आहे, आणि सावकाश, चवीने सांगणार आहे.

नट आवळले, खिळी घातली. बाहेर आलो तेव्हा गोर्दोच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तो हसत होता. मी त्याचे गाल धरून दोन्हीकडे मुका घेतला. रोसारियोला जायचं तर जाऊ दे. नोव्हेंबर तर माझा आहे.

१७ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा दोघं गाडी घेऊन बाहेर पडलो. संत्र्यांच्या बागांमधून जाणारा सरळ रस्ता. फुलांचा वास नुसता अंगावर येत होता. गोर्दो साध्या सदऱ्यात, कोट त्याने निघताना गॅरेजमध्येच कोपऱ्यात गुंडाळून ठेवला. "मी ठेवतो" म्हटलं तर हात लावू दिला नाही.

साठला गाडी गुळगुळीत. सत्तरला गुळगुळीत. ऐंशीला बुडाखाली काहीतरी जागं झालं. नव्वदला सगळी गाडी थरथरायला लागली, आरसा तर इतका की मागचा रस्ता दिसेना. मी पाय काढला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुर्कोपासून इंग्लंडच्या राणीपर्यंत कोणालाही सोडलं नाही. गोर्दोने पुढच्या फळीवर हात ठेवला, घोड्याला थोपटतात तसा.

"तुझी चूक नाही, वास्को."

"मग कोणाची?"

"माझी."

"तू खाली पडला होतास का रे? तू मापलंस?"

तो काहीतरी सांगणार होता. मी त्याच्याकडे बघतही नव्हतो, आरशाकडे बघत होतो. मग त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, दार उघडलं आणि एका संत्र्याच्या झाडाला धरून ओकला. पोटात बहुतेक काही नव्हतंच. मी म्हटलं, "या थरथरीने कोणालाही ओकारी येईल." त्याला घरी सोडलं. नोएमी दारातच उभी होती. त्याला आत घेऊन जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीतून उतरलोच नाही.

१८ ऑक्टोबर

कोट गॅरेजमध्येच राहिला होता. आज सकाळी खुंटीला अडकवावा म्हणून उचलला तर उचलेना. एका हाताने उचलायला गेलो आणि तो हातातून निसटून फरशीवर पडला, धाडकन, कापड पडल्यासारखा नव्हे.

खिशात शिसं. गळाला बांधतात ती शिशाची वजनं, लहान, मोठी, पुरात लावायची ती जाडजूड सुद्धा. खिशात, आतल्या खिशात, आणि अस्तराच्या आत सगळ्या घेरात. अस्तर उसवून आत भरलेली आणि वरून पुन्हा शिवलेलं. टाके बारीक, सारखे. नोएमीचे टाके मी ओळखतो.

मी कोट मांडीवर घेऊन फरशीवर बसलो.

पाटे वर आले नव्हते. पाट्यांवर बसणारा हलका होत होता.

१८ ऑक्टोबर, पुन्हा

जाऊन आलो. गोर्दो झोपला होता. नोएमी बेकरीत, मैद्याच्या काट्यापाशी. मी कोट काट्यावर ठेवला. तिने आकड्याकडे पाहिलं नाही, तिला तो माहीत होता.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. जुलैत कळलं. रोसारियोत सिल्विनाकडे नव्हे, हॉस्पिटलात. दाढी बसलेले गाल झाकायला. गॅलिस, कारण पट्ट्याला आता कुठे धरायलाच काही नाही.

"आम्हाला आधी वाटलं तुला कळलंय आणि तू दाखवत नाहीस," नोएमी म्हणाली. "सगळ्या गावाला दिसतंय, वास्को. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. तुला कसं दिसलं नाही?"

मी त्याला रोज गोर्दो म्हणून हाक मारत होतो. हाक मारली की मला गोर्दोच दिसत होता.

"सांगितलं का नाही?"

"तो म्हणायचा, वास्कोला कळलं तर तो पाना खाली ठेवेल आणि माझ्या उशाशी येऊन बसेल. मग दोघं रडत बसू आणि गाडी तशीच राहील. नोव्हेंबर होऊ दे म्हणायचा." तिने एप्रनचं टोक तोंडाला लावलं. "आणि तू नाव काढून घेतो म्हणालास. त्या दिवशी घरी येऊन त्याने मासेमारीचा डबा काढला आणि मला म्हणाला, सुई-दोरा आण."

मी रडलो. भर बेकरीत, गिऱ्हाइकांसमोर. एक बाई पाव न घेताच गेली.

२० ऑक्टोबर

त्याच्या खोलीत गेलो, कोट पलंगावर ठेवला. म्हटलं, "तुझं वजन माझ्याकडे राहिलं होतं."

त्याने कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "एवढी वर्षं नदीवर गेलो, पण या शिशाला तुझ्याएवढा मोठा मासा कधी लागला नव्हता."

हसलो दोघं. हसता हसता मला त्याचा हात दिसला, चादरीवर ठेवलेला. त्या हाताने तो पिठाचे उंडे आपटायचा. मी आज तो पहिल्यांदा पाहिला असं वाटलं.

"पाटे बरोबर आहेत ना तुर्कोचे?" त्याने विचारलं.

"बरोबर आहेत."

"माफी माग मग त्याची. आणि फेरीतलं नाव?"

"आहे."

"मी येणार."

मी म्हटलं, "येणारच. पण मला खरं वजन सांग. शिसं सोडून."

त्याने सांगितलं. आकडा मी इथे लिहीत नाही.

४ नोव्हेंबर

तुर्कोची माफी मागितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं, गावाला माहीत होतं. तुझ्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून तुझं डोकं बदललंय म्हणून मोकळा झालो." मग आत गेला आणि त्याच्या आजोबांच्या पद्धतीची कडक कॉफी घेऊन आला.

आज नव्या पाचरी केल्या, तिसरी जोडी. गोर्दोला आता माप घ्यायला बसवणं शक्य नाही, तेव्हा पोतं घेतलं. हो, पोतं. त्याने सांगितलेल्या वजनाएवढी वाळू भरायची, शेजारच्या सीटवर ठेवायची. भरताना दोनदा वाटलं, हे फारच कमी दिसतंय, आणखी थोडी घालावी. दोनदा घातली आणि दोनदा काढली. मग नोएमी स्टिअरिंगमागे बसली, शेजारी ते पोतं. मी खाली पडून काटा बघत होतो आणि वरून तिचा आवाज येत होता. ती पोत्याशी काही बोलत नव्हती. नुसती रडत होती. या खेपेला मला ऐकू आलं.

पाचर जवळजवळ सपाट झालीय. रविवारपर्यंत तीही बहुधा जास्तच भरेल.

१० नोव्हेंबर, रविवार

गाडी त्याच्या दाराशी लावली. तुर्को मदतीला आला होता, पण गोर्दो म्हणाला, "वास्को उचलेल." मी उचलला. बेकरीच्या पिठाचं पोतं सुद्धा मला आता एकट्याने उचलत नाही, आणि गोर्दोला मी पलंगावरून गाडीपर्यंत एकट्याने नेलं. मधे कुठे थांबावंसुद्धा लागलं नाही. त्याने माझ्या कानात विचारलं, "जड आहे का?" मी म्हटलं, "मरतोय." त्याला बरं वाटलं.

चौकात सगळ्या गाड्या रांगेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "गोर्दो! गोर्दो!" म्हणून ओरडले. त्याने घड्याळ गळ्यात अडकवलं होतं आणि तो राजासारखा मान हलवत होता. आमची वेळ झाली, झेंडा पडला, निघालो.

साठ. सत्तर. ऐंशीला मी आरशाकडे बघितलं. नव्वद. गाडी गप्प. आरशात मागचा सगळा रस्ता, झाडं, धूळ, सगळं ठळक आणि स्थिर. गोर्दोने फळीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग म्हणाला, "काही नाही रे."

"काय काही नाही?"

"हाताला काही लागत नाही. नुसतं चाललोय."

मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी बघितलं. डोळे मिटलेले, दाढीत वारा. इतका बारीक चेहरा आणि त्यावर इतकं समाधान, मला रस्त्याकडे बघायचं भान राहिलं नाही.

पहिल्या थांब्याच्या अलीकडे त्याने डोळे उघडले, घड्याळ बघितलं. "लवकर आलो आपण. लवकर पोचलं की गुण जातात. हळू चालव." मी हळू केली. "अजून हळू." मग म्हणाला, "नदीकडे घे." मी घेतली. गुण गेले, फेरी गेली. तिकडे पारानाला पाणी वाढलेलं, तपकिरी, काठचं गवत वाहून नेत होतं.

किटली आणली होती मी. येर्बा भरली, पाणी ओतलं, पहिली मी प्यालो, दुसरी त्याला दिली. त्याला नळी ओढता आली नाही. ओठ लावले, तसेच ठेवले, आणि भोपळा परत दिला.

मी त्या शब्दाची, ग्रासियासची, वाट बघत होतो. तो बोलला नाही. नदीकडे बघत राहिला.

मी पुन्हा भरला, पुन्हा दिला. त्याने पुन्हा ओठ लावले आणि परत दिला, काही न बोलता. किटली संपेपर्यंत आम्ही तेच करत होतो.

२६ नोव्हेंबर

काल गेला.

३० नोव्हेंबर

पुरून चार दिवस झाले. तुर्को आला होता. गाडीभोवती फिरला, म्हणाला, "आता एका माणसाची पाचर घाल. चौथी जोडी. मी घासून देतो."

मी ऑगस्टातली जोडी घातली, पहिली. गोर्दो गोर्दो होता तेव्हाची. एकटा घेऊन गेलो बागांच्या रस्त्याने. ऐंशीला शेजारची सीट थरथरायला लागली, नव्वदला सगळी गाडी. तुर्को म्हणतो हे चूक आहे, जॉइंट खराब होतील. होतील. बदलीन. गाडी दोघांची आहे, एकटा बसलो तर तिने थरथरायलाच हवं.

तिथून नोएमीकडे गेलो. सिल्विना परत रोसारियोला गेली, घरात ती एकटीच. स्वयंपाकघरात बसलो. कोट दाराशी अडकवलेला, शिसं अजून आत. तिने किटली ठेवली, येर्बा भरली. ती ओतत होती, मी पीत होतो. पहिली, दुसरी, मग मोजल्या नाहीत. येर्बाची चव गेली, नुसतं कोमट पाणी उरलं. मला पुरे झालं होतं, तिलाही दिसत होतं मला पुरे झालंय. तो एक शब्द म्हणायचा आणि उठायचं, एवढंच होतं.

तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. नोएमीने उठून किटली पुन्हा भरली.